पुराचे पाणी आणि अवर्षणाचा प्रदेश : भंडारदरा धरणाची जडणघडण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो आणि जिल्ह्याच्या बहुतेक भागापुरती ही ओळख खरीही आहे. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर आणि रतनवाडी या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे सरकू लागले की पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे त्याच्या पलीकडे तयार होणारा कमी पावसाचा पट्टा, सुरू होतो आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे असे करीत मैदानी तालुक्यांपर्यंत येता येता पावसाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्याही खाली उतरते. या दोन टोकांना जोडणारा प्रमुख नैसर्गिक दुवा म्हणजे प्रवरा नदी. रतनगडाच्या परिसरात उगम पावून ती टोके-प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. धरण होण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने ती दुथडी भरून वाहत असे आणि उन्हाळ्यात तिच्या काठच्या गावांना डोहातल्या पाण्यावर दिवस काढावे लागत. जिल्ह्याच्या एका टोकाला महापूर आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ या विसंगतीतूनच भंडारदरा धरणाची कल्पना पुढे आली.

धरणाचा हेतू आणि धरणाचे काम या दोन गोष्टी इतिहासात अनेकदा एकमेकींपासून दूर जातात, आणि याचे बोलके उदाहरण दख्खनच्या पठारावरच सापडते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराची अपरिमित हानी झाली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या शिफारशीनुसार शहराच्या वरच्या अंगाला उस्मान सागर (१९२०) आणि हिमायत सागर (१९२७) ही जलाशये बांधण्यात आली. ती मुळात पूरनियंत्रणासाठी होती; पुढे मात्र तीच त्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार झाली. त्याच दोन दशकांत प्रवरेवर उभ्या राहिलेल्या भंडारदरा धरणाचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. ते दुष्काळनिवारणासाठी बांधले गेले, पण साठवायचे पाणी पुराचेच असल्यामुळे प्रवराकाठच्या गावांच्या दृष्टीने ते पूर थोपवणारे धरणही ठरले. कोरड्या मुलखात पूर ही केवळ आपत्ती नसते, वर्षभराच्या पाण्याची ती एकमेव ठेव असते. ती ठेव कोणी साठवली, कोणत्या उद्देशाने साठवली आणि अखेर ती कोणाच्या पदरात पडली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत भंडारदऱ्याचा इतिहास सामावलेला आहे.

या मुलखात पाणी अडवण्याची परंपरा ब्रिटिशांच्या कितीतरी आधीची आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहा याने सीना नदीकाठी अहमदनगर शहर वसवले, तेव्हा नदी बारमाही नसल्यामुळे शहराला पाणी दुरून आणावे लागले. त्यासाठी कापूरवाडी, वडगाव, नागापूर, भिंगार आदी ठिकाणांहून खापरी नळ, म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून जमिनीखालून नेलेल्या जलवाहिन्या, शहरातील हौदांपर्यंत आणण्यात आल्या. शहराजवळ भातोडी येथील तलाव निजामशाहीचा वजीर सलाबतखान याच्या काळचा मानला जातो. अडवलेले पाणी किती संहारक ठरू शकते याचा पुरावाही याच तलावाने दिला. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजा भातोडीजवळ उतरल्या असता निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले आणि चिखलात अडकलेल्या सैन्याचा पराभव केला. शहाजीराजे भोसले या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तीत कामी आले. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने हा तलाव दुरुस्त करून सिंचनासाठी पुन्हा वापरात आणला. मात्र ही सारी कामे लहान ओढ्या-नद्यांवरची होती. सह्याद्रीचा पूर अडवण्याची कुवत त्यांच्यात नव्हती.

ती गरज तीव्रपणे पुढे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळांमुळे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेला उठाव, जो इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदला गेला, त्यानंतर वर्षभरातच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला आणि शतक संपता संपता १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. सरकारचा पहिला भर दुष्काळी कामांवर, म्हणजे उपाशी माणसांना मजुरी मिळावी म्हणून काढलेल्या रस्ते, तलाव, लोहमार्ग अशा कामांवर होता. १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम दुष्काळग्रस्तांच्या हातूनच झाले. धान्य दुरून आणण्याची सोय रेल्वेने झाली, पण धान्य पिकवण्याची सोय तिने होणार नव्हती. प्रवरेवर संगमनेरच्या खाली ओझर येथे बंधारा बांधून कालवा काढण्यात आला होता, तथापि त्याला नदीतून वाहत येणाऱ्या पाण्यावरच अवलंबून राहावे लागे. पाऊस हुकला की नदी आटे आणि कालव्याची सर्वाधिक गरज असे तेव्हाच तो कोरडा पडे. उन्हाळ्यात कालवा वाहता ठेवायचा तर पावसाळ्याचे पाणी वर डोंगरातच अडवले पाहिजे, हा धडा ओझरच्या अनुभवातून मिळाला.

हा धडा देशपातळीवर धोरणात उतरला तो १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या भारतीय सिंचन आयोगामुळे. आयोगाचे अध्यक्ष सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांनी त्यापूर्वी इजिप्तमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याची धुरा सांभाळली होती आणि कैरोजवळील नाईल नदीवरचा निकामी ठरलेला बंधारा त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा उपयोगात आला होता. ज्या देशात वाळवंटातली सारी शेती एका नदीच्या वार्षिक पुरावर चालत असे, तेथे काम केलेला हा अभियंता दख्खनच्या दुष्काळाचा विचार करण्यासाठी नेमला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी सरकारी हिशेबात सिंचनाची कामे दोन वर्गांत विभागली जात : गुंतवलेल्या भांडवलावर व्याज सुटेल ती ‘उत्पादक’ आणि नफा झाला नाही तरी दुष्काळापासून बचाव करतील ती ‘संरक्षक’. दख्खनमधील धरणे व्याजाच्या कसोटीवर उतरणे कठीण होते. तरीही दुष्काळी मदतीवर वारंवार होणारा खर्च वाचेल हे जमेस धरून संरक्षक कामे हाती घ्यावीत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी मोठे साठे करावेत, अशी दिशा आयोगाने दिली. गोदावरीच्या खोऱ्यात दारणा आणि प्रवरेच्या खोऱ्यात भंडारदरा ही धरणे याच विचारातून आकाराला आली.

भंडारदऱ्याच्या जागेची निवड निसर्गानेच सोपी केली होती. रतनगड आणि कळसूबाई यांच्या डोंगररांगांमधून वाहणारी प्रवरा येथे दोन टेकड्यांच्या चिंचोळ्या खिंडीतून बाहेर पडते, आणि खिंडीच्या मागे दरी ऐसपैस पसरलेली आहे. त्यामुळे आखूड भिंतीच्या आड मोठा साठा होऊ शकत होता. जलाशयाला ज्यांचे नाव मिळाले ते अभियंता आर्थर हिल या योजनेच्या आखणीशी निगडित होते. १९१० मध्ये बांधकामाला प्रारंभ झाला, पहिल्या महायुद्धाचा काळ मध्येच येऊन गेला, आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन होऊन त्याला ‘विल्सन धरण’ असे नाव देण्यात आले. सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट उंच आणि सुमारे ५०० मीटर लांब असलेली ही भिंत बांधून झाली तेव्हा देशातील सर्वांत उंच धरणांमध्ये गणली गेली. खर्च सुमारे ८४ लाख रुपये आला. सिमेंट काँक्रीटच्या आधीच्या पिढीतील या धरणात काळा दगड चुन्याच्या मसाल्यात बसवलेला आहे. पाण्याचा प्रचंड रेटा भिंत केवळ आपल्या वजनाच्या बळावर पेलते, म्हणून अशा धरणाला ‘भारस्थायी’ धरण म्हणतात; माथ्याशी अरुंद आणि तळाशी रुंद होत जाणारा तिचा छेद याच कारणाने तसा ठेवलेला असतो.

धरणाची साठवणक्षमता ११,०३९ दलघफू आहे. ‘दलघफू’ हा दशलक्ष घनफुटांचा संक्षेप जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळलेला असून एक हजार दलघफू म्हणजे एक टीएमसी होतो. जून-जुलैत घाटमाथ्यावर संततधार लागली की साठा झपाट्याने वाढतो, आणि धरण पंधरा ऑगस्टपर्यंत भरते की नाही याकडे प्रवरेच्या संपूर्ण लाभक्षेत्राचे, म्हणजे कालव्याचे पाणी मिळणाऱ्या प्रदेशाचे, डोळे लागलेले असतात. भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर मोऱ्या ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी एका मोरीचे पाणी खालच्या गोलसर खडकावर आदळून चहूबाजूंनी छत्रीसारखे पसरते, म्हणून त्याला ‘अंब्रेला फॉल’ हे नाव पडले. सोडलेले पाणी लगेच कालव्यात जात नाही. ते रंधा धबधब्यावरून उतरून अकोले, संगमनेर ही गावे मागे टाकीत नदीपात्रातूनच ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत वळवले जाते. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी असे फाटत गेलेले पाणी शेतात पोहोचते. त्यासाठी शेतकऱ्याने ‘सात नंबरचा’ मागणी अर्ज भरलेला असावा लागतो, ‘आवर्तन’ म्हणजे कालवा सोडण्याची फेरी जाहीर व्हावी लागते, आणि ‘शेजपाळी’नुसार, म्हणजे चारीच्या शेपटापासून मुखाकडे लागोपाठच्या शेतांना क्रमाने पाणी देण्याच्या पद्धतीनुसार, पाळी यावी लागते. पाळी रात्री आली तर शेतकरी रात्रभर दारे धरतो. डोंगरातला पूर रब्बीच्या वाफ्यापर्यंत नेणारी ही व्यवस्था भिंतीइतकीच मोलाची आहे. तिचा एखादा सांधा निखळला तर भरलेल्या धरणाचाही शेपटाकडच्या शेतकऱ्याला उपयोग होत नाही.

संरक्षक धरणाचे पाणी मूळ कल्पनेप्रमाणे शक्य तितक्या विस्तृत क्षेत्रावर ज्वारी-बाजरीसारख्या पिकांना विभागून द्यायचे होते. प्रत्यक्षात मात्र पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसत आणि पाऊस हुकला की सर्वांचीच एकदम मागणी येई, यामुळे कालव्यांना वर्षभराचे खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते. ते गिऱ्हाईक ऊस ठरला. विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात असताना सुचवलेली ‘ब्लॉक’ पद्धत, म्हणजे ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षे पाण्याची हमी देऊन त्यातील काही भागातच ऊस घेऊ देण्याची व्यवस्था, उसाच्या ओढीला आवर घालण्यासाठीच होती. सासवडकडच्या माळी समाजातील कुशल बागायतदार नीरा, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवर जमिनी खंडाने घेऊन ऊस आणि गुळाचा धंदा करू लागले. बेलापूर कंपनीने श्रीरामपूर परिसरात शेतकऱ्यांच्या मोठ्या प्रमाणावरील जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने मिळवून हरेगाव येथे साखर कारखाना उभारला. या जमिनी पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर सरकारकडे आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकरी शेतकऱ्यांच्या वारसांना त्या परत मिळू लागण्यास २०१२ साल उजाडावे लागले. पाणी आले तेव्हा जमीन हातातून गेली, असा हा अनुभव होता, आणि कालव्याच्या इतिहासात त्याची नोंद ठळकपणे झाली पाहिजे. शिवाय काळ्या खोल जमिनीत पाण्याचा निचरा नीट न झाल्यामुळे भूजल वर आले, क्षार साचले आणि सुपीक जमिनी चोपण झाल्या.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कालव्याच्या उसावर खासगी कारखानदारीची मक्तेदारी राहू नये, या जाणिवेतून विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातील शेतकऱ्यांना एकत्र आणले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन आणि वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ त्यांना लाभले, आणि प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाला वळण देणारी सहकारी साखर कारखानदारी प्रवरेच्याच काठी रुजली, याचे श्रेय माणसांच्या संघटनशक्तीला आहे; परंतु त्या शक्तीला आधार मिळाला तो चोवीस वर्षे आधी अडवलेल्या पुराच्या पाण्याचा.

पाणी थोपवणाऱ्या भिंतीचे आयुष्य मात्र निर्वेध नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात हाहाकार झाला होता आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला होता. धरणांविषयीची धास्ती अशी ताजी असतानाच १९६९ मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीच्या खालच्या भागात भेगा पडून गळती वाढल्याचे आढळले. भिंतीत आणि पायात मुरलेले पाणी धरणाला खालून वर उचलू पाहते. या ‘उत्थापक दाबा’चा पुरेसा विचार त्या काळच्या अनेक दगडी धरणांच्या आराखड्यांत झालेला नव्हता, कारण ते शास्त्रच तेव्हा घडत होते. भिंतीला खालच्या अंगाने भक्कम आधारभिंती, म्हणजे ‘बट्रेस’, जोडून धरण सुरक्षित करण्यात आले. पूर अडवणारी भिंत स्वतःच ढासळली तर ती कोणत्याही नैसर्गिक पुराहून भयंकर पूर आणते, हे भातोडीने त्याआधी जवळपास साडेतीनशे वर्षे दाखवून दिले होते. म्हणून १९६९ नंतरची ही दुरुस्ती धरणाच्या मूळ बांधकामाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

पूरनियंत्रणाच्या दृष्टीने एकट्या भंडारदऱ्याला स्वाभाविक मर्यादा होती. रिकामे किंवा अर्धे भरलेले धरण पूर पोटात घेते. पण सिंचनासाठी बांधलेले धरण शक्य तितक्या लवकर भरून घ्यावे लागते, आणि एकदा ते भरले की ऑगस्ट-सप्टेंबरमधील पुढचा लोंढा सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी सोडून देण्याच्या मार्गावरून, खाली जाऊ द्यावाच लागतो. म्हणजे ज्या जलाशयावर साठ्याची भिस्त, त्यातच पुरासाठी जागा रिकामी ठेवायची, हे दोन हेतू एकमेकांच्या आड येतात. भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला निळवंडे येथे बांधलेल्या ८,३२० दलघफू क्षमतेच्या धरणाने या अडचणीतून बरीच वाट काढली, कारण वरून सोडलेले पाणी खाली पुन्हा धरता येऊ लागले. या धरणाचा विचार १९७० पासून सुरू होता, मूळची म्हाळादेवी येथील जागा बदलली, पुनर्वसन आणि निधी यांचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले, भिंत उभी राहूनही कालवे अपुरे राहिले, आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २६ ऑक्टोबर २०२३ ही तारीख उजाडली. अहिल्यानगर जिल्ह्यातील सहा आणि नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्यातील मिळून १८२ गावांना या कालव्यांचा लाभ अपेक्षित आहे. यांतील कित्येक गावे प्रवरेच्या जुन्या कालव्यांपासून फार दूर नसूनही उंचावर असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली होती.

साठवलेल्या पुरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आता प्रवरेच्या खोऱ्यापुरता राहिलेला नाही. पैठणच्या जायकवाडी धरणावर मराठवाड्याची तहान अवलंबून आहे, आणि २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे, म्हणजे खोऱ्यातील सर्व धरणांनी तुटीचा भार प्रमाणशीर वाटून घेण्याचे तत्त्व मान्य केल्यानंतर तुटीच्या वर्षांत अहिल्यानगर आणि नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. त्यावरून दरवेळी आंदोलने होतात आणि प्रकरणे न्यायालयात जातात. या वादात लाभक्षेत्र आणि मराठवाडा या दोन्ही पक्षांचा आवाज ऐकू येतो; ज्यांच्या डोक्यावर हा पाऊस पडतो त्या अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा आवाज मात्र क्वचितच पोहोचतो. ब्रिटिशांविरुद्ध उठाव करून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे यांच्या या मुलखात दरीतली भातखाचरे जलाशयाखाली गेली, खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, आणि पावसाळ्यात पाण्याने वेढलेल्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागली.

१० डिसेंबर २०२६ ही भंडारदरा धरणाच्या शताब्दीची तारीख. शंभर वर्षांचा हिशेब मांडताना एक गोष्ट निर्विवादपणे मान्य करावी लागते, की सह्याद्रीचा पूर अडवून तो कोरड्या मैदानापर्यंत पोहोचवण्याचे कठीण काम या धरणाने केले आणि त्यावर लाखो माणसांचे जगणे उभे राहिले. दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, की दुष्काळापासून सर्वांना थोडेथोडे संरक्षण देण्याचा मूळ हेतू उसाच्या ओढीपुढे मागे पडला. शताब्दीच्या निमित्ताने शासनाने आणि लाभधारकांनी तो मूळ हेतू पुन्हा पुढे आणावा, वाटपाच्या कागदावर पाणलोटातील वाड्यांना पहिले आणि चारीच्या शेपटाकडील शेतकऱ्याला हक्काचे स्थान द्यावे. धरण ज्या दुष्काळपीडितांच्या नावाने बांधले गेले, त्यांचे देणे त्याशिवाय फिटणार नाही.